मेल का परत आला, हे त्यातच लिहिलेले असते

१५ डिसेंबर २०२० रोजी जीमेलच्या पत्त्यांवर मेल पाठवणाऱ्या जगभरच्या लोकांना एकच उत्तर येऊ लागले : ५५० ५.१.१, तुम्ही गाठू पाहत असलेले खाते अस्तित्वात नाही. खाती जागच्या जागी होती, त्यांतली जुनी पत्रे शाबूत होती. आदल्या दिवशी गूगलची लॉगिन व्यवस्था सुमारे पाऊण तास कोलमडली होती, पण हा प्रकार निराळा होता. गूगलने नंतर खुलासा केला. सर्व्हरच्या सेटिंग्ज एका जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत हलवण्याचे काम चालू होते. त्या गडबडीत बाहेरून येणारे मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला ‘जीमेल.कॉम’ऐवजी भलतेच डोमेन नाव पुरवले गेले. त्या नावाखाली शोधल्यावर खाती सापडेनात आणि सर्व्हर ‘असा कुणी इथे नाही’ असे सांगत राहिला.

काही तासांत दुरुस्ती झाली, पण परिणाम त्या काही तासांपुरते राहिले नाहीत. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा असा एक कडक नकार आला की तो पत्ता मेलेला धरतात आणि यादीतून काढतात. त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही. समोरचा सर्व्हर स्वतः ‘खाते नाही’ म्हणत असेल तर त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा मेल मारणे हे स्पॅम पाठवणाऱ्याचे लक्षण मानले जाते. त्या दिवशी जीमेलच्या सर्व्हरने ५५० ऐवजी ४५१ म्हटले असते, म्हणजे ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या’, तर पाठवणाऱ्या सर्व्हरांनी ते मेल रांगेत ठेवले असते. दुरुस्ती होताच ते पोचते झाले असते आणि बहुतेकांना कळलेही नसते. फरक पहिल्या आकड्याचा होता, पाचाऐवजी चाराचा.

हे आकडे आले कुठून? १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हा दस्तऐवज लिहिला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत ते काम करत. मेल पोचवण्याचा एसएमटीपी हा शिष्टाचार त्यात ठरला. फाइल पाठवण्याच्या एफटीपी या जुन्या पद्धतीत तीन आकडी उत्तरे आधीपासून रुळलेली होती. तीच पद्धत इथे घेतली गेली. उत्तराचे दोन भाग असतात. आकडा यंत्रासाठी, त्यापुढचे वाक्य माणसासाठी. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे काम झाले, ३ म्हणजे पुढचे पाठवा, ४ म्हणजे तात्पुरती अडचण, ५ म्हणजे कायमचा नकार. दुसरा आकडा विषय सांगतो : ० असेल तर आज्ञेच्या मांडणीत चूक, २ असेल तर जोडणीचा मामला, ५ असेल तर खुद्द मेल व्यवस्थेचा. हा दस्तऐवज पुढे २००१ आणि २००८ मध्ये नव्याने लिहिला गेला, पण या आकड्यांची मूळ रचना तशीच टिकली.

दोन सर्व्हरांमधला संवाद अगदी थोडक्यात चालतो. पाठवणारा २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करतो. समोरून २२० येते, म्हणजे तयार आहे. पाठवणारा आपले नाव सांगतो, समोरून २५०. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता; पुन्हा २५०. मग ‘आरसीपीटी टू’ म्हणून ज्याला मेल जायचा त्याचा पत्ता. इथे पहिली खरी चाळणी लागते. पत्ता चुकीचा असेल, किंवा पाठवणाऱ्या सर्व्हरची पत वाईट असेल, तर बहुतेक नकार याच पायरीवर येतात. ती पार झाली की ‘डेटा’, उत्तर ३५४, आणि मग खुद्द पत्र. पत्र संपले की एका ओळीवर एकटा पूर्णविराम. त्यानंतर येणारा नकार सहसा मजकुरामुळे, आकारामुळे किंवा सहीच्या पडताळणीमुळे असतो.

म्हणूनच नकार कोणत्या पायरीवर आला हे ठाऊक असणे फार मोलाचे. पोस्टफिक्स या सर्व्हरने तयार केलेल्या बाउन्समध्ये, म्हणजे मेल परत आल्याच्या पत्रात, शेवटी कंसात ते स्वच्छ लिहिलेले असते : ‘आरसीपीटी टू या आज्ञेच्या उत्तरात’ किंवा ‘डेटा संपल्यावरच्या उत्तरात’. एवढ्या अर्ध्या ओळीवरून अनुभवी ॲडमिन पत्ता तपासायचा की अटॅचमेंट, हे ठरवतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘मेलर-डीमन’ किंवा ‘पोस्टमास्टर’ या नावाने आलेले पत्र समोरच्या संस्थेने लिहिले, असे लोक धरून चालतात. बहुतेक वेळा तसे नसते. समोरच्या सर्व्हरने फक्त एक ओळ उच्चारलेली असते, तीही जोडणी चालू असताना. ती ऐकून सविस्तर पत्र लिहितो तो पाठवणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हर. त्यामुळे बाउन्समध्ये दोन आवाज असतात : वरचा आपल्याच सर्व्हरचा, आणि आत कुठेतरी उद्धृत केलेली ती एक ओळ परक्या सर्व्हरची. कारण त्या ओळीत असते.

समोरचा सर्व्हर जागीच नकार न देता आधी २५० म्हणून पत्र ठेवून घेतो आणि मागाहून पत्ता सापडत नाही असे त्याला कळते, तेव्हा बाउन्स लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. स्पॅमच्या काळात याने मोठा उच्छाद मांडला. स्पॅम पाठवणारे प्रेषक म्हणून कुणा तिऱ्हाइताचा पत्ता घालत, आणि त्या बिचाऱ्याच्या खात्यात त्याने कधीच न पाठवलेल्या शेकडो पत्रांचे बाउन्स येऊन पडत. यालाच ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात. यावरचा उपाय सरळ आहे : नकार द्यायचा तर दारातच द्यावा, आत घेऊन मग परत पाठवू नये. बाउन्सच्या पत्राचा स्वतःचा परतीचा पत्ता मात्र पहिल्यापासून मुद्दाम रिकामा ठेवला जातो. नाहीतर बाउन्सचा बाउन्स, त्याचा पुन्हा बाउन्स, असे दोन सर्व्हर एकमेकांत अखंड फेऱ्या मारत बसले असते.

सुरुवातीला बाउन्सचे रूप ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. बर्कलेत एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल संवादाचा सगळा उताराच देई, कोण काय म्हणाले ते ओळीओळीने. डॅन बर्नस्टाइन यांचा क्यूमेल माणसासारखा बोले : नमस्कार करून सांगे की खालील पत्त्यावर पत्र पोचवता आले नाही, हा कायमचा दोष आहे, मी प्रयत्न सोडला आहे, जमले नाही याबद्दल क्षमस्व. विट्झे व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेला आणि १९९८ मध्ये आलेला पोस्टफिक्सही दिलगिरी व्यक्त करतो. वाचायला हे सगळे बरे होते. पण हजारो बाउन्स चाळणाऱ्या प्रोग्रामला यातून काही काढणे म्हणजे डोकेदुखी.

१९९६ च्या जानेवारीत यावर दोन इलाज एकदम आले. पहिला, तीन भागांचा सविस्तर संकेतांक. ५.१.१ मधला पहिला आकडा जुनाच, म्हणजे कायमचा की तात्पुरता. दुसरा विषयाचा : १ पत्त्याचा, २ मेलबॉक्सचा, ३ सर्व्हरचा, ४ नेटवर्कचा, ५ शिष्टाचाराचा, ६ मजकुराचा, ७ सुरक्षेचा आणि धोरणाचा. तिसरा बारकावा सांगतो. दुसरा इलाज म्हणजे बाउन्सचा ठरलेला साचा. त्याचेही तीन भाग : माणसाने वाचायचा मजकूर, यंत्राने वाचायचा अहवाल, आणि मूळ पत्र किंवा निदान त्याचे हेडर.

यंत्राचा तो मधला भाग एकदा डोळ्यांखालून घालावा. समजा एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाने वार्षिक सभेची नोटीस सभासदांना मेल केली आणि एक मेल परत आला. वेब मेलवर पहिल्यांदा दिसते ते मोठ्या अक्षरांतले ‘पत्ता सापडला नाही’ किंवा ‘मेल पोचला नाही’. खाली सरकल्यावर, किंवा ‘तपशील दाखवा’वर टिचकी मारल्यावर, एकाखाली एक ओळी येतात. ‘रिपोर्टिंग-एमटीए’ : हा अहवाल लिहिणारा सर्व्हर. ‘फायनल-रेसिपियंट’ : ज्या पत्त्याला मेल पोचला नाही तो, म्हणजे शंभर सभासदांपैकी नेमका कोण ते इथे कळते. ‘ॲक्शन’ : फेल्ड असेल तर प्रयत्न संपले, डिलेड असेल तर अजून चालू आहेत. ‘स्टेटस’ : समजा ५.२.२. ‘रिमोट-एमटीए’ : नकार देणारा सर्व्हर. आणि शेवटी ‘डायग्नॉस्टिक-कोड’, त्यापुढे त्या सर्व्हरने उच्चारलेली ओळ जशीच्या तशी : ५५२ ५.२.२, मेलबॉक्स भरला आहे. सचिवाला आता ठाऊक आहे की पत्ता बरोबर आहे, माणूस आहे, फक्त त्याने खाते रिकामे करायला हवे. त्याला एक फोन केला की काम भागते.

‘डिलेड’ची ओळ लक्षात घेण्याजोगी आहे, कारण घोळ तिथेच जास्त होतो. तात्पुरता नकार आला की सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. प्रमाणित दस्तऐवजाप्रमाणे दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास जावा आणि हार मानण्याआधी चार-पाच दिवस थांबावे. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची आहे. अधेमधे काही सर्व्हर ‘अजून पोचलेला नाही, प्रयत्न चालू आहे’ असे कळवतात. लोक ते नकाराचे पत्र समजून तोच मेल पुन्हा पाठवतात आणि समोरच्याला दोन प्रती मिळतात. उलटही घडते. डोमेनचे स्पेलिंग असे चुकते की त्या नावाचे डोमेन आहे, पण तिथे मेल घेणारे कुणी नाही. अशा वेळी सर्व्हर दिवसेंदिवस दार ठोठावत राहतो आणि चूक कळते ती आठवडा उलटता उलटता. हे टळावे म्हणून २०१५ मध्ये ‘नल एमएक्स’ नावाची नोंद ठरली : ज्या डोमेनला मेल घ्यायचाच नाही त्याने डीएनएस या इंटरनेटच्या नावकोशात तसे जाहीर करावे, म्हणजे नकार लगेच मिळतो.

काही सर्व्हर तात्पुरता नकार मुद्दाम देतात. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी मांडलेल्या ‘ग्रेलिस्टिंग’ या युक्तीत अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा ४५० किंवा ४५१ सांगून परत पाठवले जाते. खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो. घाईत असलेले स्पॅमचे प्रोग्राम बहुधा येत नाहीत. ओटीपी मेलने उशिरा येतो त्यामागे कधी कधी हेच कारण असते.

इतका नीटस आराखडा असूनही बाउन्स वाचताना माणूस का गोंधळतो? कारण आकडे सगळ्यांनी घेतले, त्यांचा अर्थ मात्र प्रत्येकाने आपापला लावला. मेलबॉक्स भरल्याचेच पाहा. शेवटी २.२ असलेल्या संकेतांकाविषयी मूळ दस्तऐवज म्हणतो की ही तात्पुरती अडचण समजावी, कारण माणूस जुने मेल काढून जागा करू शकतो. तरी अनेक सर्व्हर वर दाखवल्याप्रमाणे ५ लावून मोकळे होतात. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत नसलेल्या पत्त्यावर मेल गेला तर अनेकदा ५५० ५.४.१ असे उत्तर येते. संकेतांकांच्या तक्त्याप्रमाणे शेवटच्या ४.१ चा अर्थ समोरचा सर्व्हर उत्तरच देत नाही असा. पण इथे सर्व्हरने तर उत्तर दिलेले असते! त्यापुढचे शब्द ‘प्राप्तकर्त्याचा पत्ता नाकारला, प्रवेश नाही’ असे असतात. वाचणाऱ्याला वाटते की आपल्याला ब्लॉक केले आहे. बहुधा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्या नावाचा कर्मचारी तिथे नाही.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे ५.७.१. ‘परवानगी नाही’ या एका छत्राखाली स्पॅमचा संशय, काळ्या यादीतला आयपी, फक्त सदस्यांसाठी खुला असलेला ग्रुप, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून मेल पुढे ढकलण्याचा प्रयत्न, असे सगळे कोंबले जाते. काही मोघमपणा हेतुपुरस्सर असतो, कारण नेमके उत्तर दिले तर स्पॅम पाठवणाऱ्याला कोणते पत्ते जिवंत आहेत हे आयते कळते. ती अडचण खरी आहे. पण त्याची किंमत प्रामाणिक माणूस मोजतो.

काळ्या याद्यांतली एक गोष्ट तर भल्याभल्यांना चकवते. १९९८ पासून चालणारी स्पॅमहाउस ही संस्था स्पॅम सोडणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी ठेवते आणि जगभरचे सर्व्हर डीएनएसच्या मार्गे ती विचारतात. कुणी सार्वजनिक डीएनएस वापरून विचारले तर स्पॅमहाउस यादीतले उत्तर न देता ‘असे विचारू नका’ या अर्थाचा एक खास क्रमांक परत पाठवते. सर्व्हरची मांडणी ढिसाळ असेल तर तो क्रमांकही ‘यादीत नाव आहे’ असाच धरला जातो आणि येणारा प्रत्येक मेल नाकारला जातो. पाठवणाऱ्याला बाउन्स येतो की तुमचा सर्व्हर स्पॅमहाउसने रोखला. तो आपली पत तपासतो, होस्टिंगवाल्याशी भांडतो. दोष मात्र घेणाऱ्याच्या सर्व्हरमध्ये असतो. बाउन्सची शेवटची ओळ नीट वाचली तर त्यात ‘ओपन रिझॉल्व्हर’ (म्हणजे सार्वजनिक डीएनएस) हे शब्द दिसतात आणि उलगडा होतो.

अटॅचमेंटचा हिशेब सोपा आहे, तरी रोज चुकतो. समजा एखाद्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबी आहे. पण मेलमधून जाताना फाइल मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि तीन बाइटचे चार होतात. म्हणून २० एमबीची पीडीएफ मर्यादा ओलांडते आणि ५५२ घेऊन परत येते.

गेल्या दहा-बारा वर्षांत बाउन्सचा रोख पत्त्याकडून पाठवणाऱ्याच्या ओळखीकडे वळला आहे. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली नोंद. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची डिजिटल सही. डीमार्क म्हणजे या दोन्हींतले काहीच जुळले नाही तर काय करायचे याचा डोमेनमालकाचा आदेश. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘नाकारा’ असा आदेश लावला. त्याची झळ भलत्यांनाच बसली. मेलिंग लिस्टवर याहूच्या सदस्याने पत्र टाकले की लिस्टचा सर्व्हर ते सर्वांना पुढे पाठवी. पण आता ते याहूच्या सर्व्हरवरून निघालेले नसे आणि त्यावरची सहीही बहुधा जुळत नसे, म्हणून जीमेलसारख्या सेवा ते नाकारू लागल्या. लिस्टच्या सॉफ्टवेअरने ते नकार घेणाऱ्यांच्या नावे मोजले, आणि काहीही न केलेले सदस्य बाउन्स जास्त झाले म्हणून यादीबाहेर गेले.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही बंधनकारक केले. गूगलच्या लेखी रोज ५,००० मेल ही त्याची सीमा. मायक्रोसॉफ्टनेही २०२५ च्या मे महिन्यापासून आउटलुक.कॉमसाठी तसाच नियम आणला. त्याचा नकार ५५० ५.७.५१५ असा येतो. लहान संस्थांनीही हे आपल्याला लागू नाही असे समजू नये, कारण ओळख न पटलेला मेल थोडा असला तरी जीमेल ५.७.२६ देऊन परत पाठवू शकते. शाळा, पतसंस्था, छोटे प्रकाशक शेअर्ड होस्टिंगवरून स्वतःच्या डोमेनचा मेल पाठवतात तेव्हा डीएनएसच्या या नोंदी राहून गेलेल्या असतात. ५.७.२६ दिसला तर समोरच्याला फोन करून उपयोग नाही; दुरुस्ती आपल्याच घरची आहे.

देवनागरी पत्त्यांची कथा वेगळी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये .भारत हे डोमेन देवनागरीत खुले झाले, मराठीसाठीही. त्याच महिन्यात जीमेलने रोमन लिपीबाहेरच्या पत्त्यांशी पत्रव्यवहार स्वीकारायला सुरुवात केली. २०१६ मध्ये जयपूरच्या एका कंपनीने डेटामेल ही भारतीय भाषांतल्या पत्त्यांची सेवा आणली. त्यासाठी लागणारी एसएमटीपीयूटीएफ८ ही सोय २०१२ मध्येच प्रमाणित झाली आहे. पण ती दोन्हीकडच्या सर्व्हरांनी राबवावी लागते. समोरच्याने तशी तयारी जाहीर केली नाही तर मेल ५.६.७ घेऊन माघारी येतो : असे पत्ते इथे चालत नाहीत. पत्ता खरा, माणूस खरा, आणि तरी नकार. मराठी माणसाने मराठीत पत्ता घ्यावा असे वाटत असेल तर हा आकडा कुठे कुठे येतो याची नोंद ठेवून त्या त्या ॲडमिनला कळवायला हवे.

बाउन्सला आपल्याकडे कायद्याच्या लेखीही किंमत आहे. कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांनुसार सभेची नोटीस मेलने पाठवणाऱ्या कंपनीने न पोचलेल्या मेलच्या सूचना आणि फेरपाठवणीची नोंद, पाठवल्याचा पुरावा म्हणून जपून ठेवायची असते. मुंबईतल्या सेबीने शेअर दलालांना घालून दिलेल्या नियमांत, इलेक्ट्रॉनिक कॉन्ट्रॅक्ट नोट बाउन्स झाली तर ती ग्राहकाला कागदावर पाठवावी लागते. म्हणजे परत आलेला मेल डिलीट करणे हा पुरावा नष्ट करण्याचाच प्रकार.

आता राहिला भाषेचा प्रश्न. बाउन्सचा पहिला भाग, माणसाने वाचायचा, कोणत्याही भाषेत आणि लिपीत लिहिता येतो; प्रमाणित दस्तऐवज तो एकाहून अधिक भाषांत द्यायलाही स्पष्ट परवानगी देतो. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी साध्या मजकुराची एक टेम्प्लेट फाइल असते. आकडे आणि मधला अहवाल जसाच्या तसा राहतो, त्यामुळे यंत्रांचे काही बिघडत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी, सहकारी बँकांनी, महापालिकांनी आपल्या सर्व्हरवरच्या या फाइलमध्ये इंग्रजीबरोबर मराठीत चार ओळी घालाव्यात : तुमचा मेल कुणाला पोचला नाही, खालच्या आकड्याची सुरुवात ५ ने असेल तर पत्ता किंवा कारण तपासा, ४ ने असेल तर थांबा, आणि मदत मागताना हे पत्र पूर्ण फॉरवर्ड करा, वरच्या भागाचा फोटो काढून पाठवू नका. ॲडमिनचे हे एका दुपारचे काम आहे.